मुगा स्कॅन: 'पंपिंग'चा आकडा कुठून आला

हार्टचं 'पंपिंग' किती टक्के, म्हणजे भरलेल्या जवनिकेतलं (हृदयाच्या खालच्या कप्प्यातलं) किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं (डॉक्टरी भाषेत ईएफ, इजेक्शन फ्रॅक्शन), हे सांगायला एके काळी नळी थेट डाव्या जवनिकेत नेऊन डाय सोडावा लागे. 1971 मध्ये अमेरिकेत त्याला पर्याय निघाला. टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ लावलेलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) हाताच्या शिरेत टोचायचं आणि ईसीजीच्या इशाऱ्यावर त्याची किरणं टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्यानं ठोक्यातले दोनच क्षण टिपायचे: जवनिका पूर्ण भरलेली आणि पूर्ण आकसलेली. रक्तात किरणोत्सारी पदार्थ सोडून माग काढायची कल्पना मात्र त्याच्या बरीच आधीची. 1920 च्या दशकातच बोस्टनमध्ये एका दंडात टोचून तो दुसऱ्या हातात किती सेकंदांत पोचतो, हे मोजून झालं होतं.

खरी उडी संगणकानं मारली. प्रत्येक ठोक्याचे 16, 24 किंवा 32 तुकडे करायचे आणि शेकडो ठोक्यांचे तेच ते तुकडे एकमेकांवर रचत जायचे. या 'मल्टिगेटेड अ‍ॅक्विझिशन'चं लघुरूप मुगा. (आसामच्या रेशमाशी संबंध नाही, हे दर वेळी कुणाला तरी सांगावंच लागतं.) अल्ब्युमिनही मागे पडलं. आधी कथिलाच्या क्षाराचं इंजेक्शन, वीसेक मिनिटांनी टेक्नेशियम, की ते तांबड्या पेशींतच अडकून राहतं. आपल्याकडे या टेक्नेशियमचा मूळ माल, मॉलिब्डेनम, तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) अणुभट्टीतून येई. कित्येक ठिकाणी त्यातून टेक्नेशियम वेगळं काढायला द्रावकात घोळवण्याची पद्धत होती.

मुगाचं मोठेपण एका साध्या गोष्टीत आहे: इथे जवनिकेचा आकार गृहीत धरावा लागत नाही. रक्त जेवढं, तेवढे काउंट, म्हणजे कॅमेऱ्यानं मोजलेले किरण. हार्ट अ‍ॅटॅकनंतर भिंत वेडीवाकडी फुगलेली असली तरी मोजणी अडत नाही. पण या साधेपणात एक चौकोन लपलेला आहे आणि वाद आहे तो त्याचाच.

कॅमेरा डावीकडून तिरका लावला तरी जवनिकेच्या पुढेमागे फुप्फुसातलं, छातीच्या भिंतीतलं रक्त असतंच. त्याचे काउंट वजा करायला जवनिकेच्या कडेला, घड्याळात तीन ते पाच वाजतात त्या बाजूला, एक छोटा चौकोन आखतात. समजा, भरलेल्या जवनिकेचे काउंट 20,000 आणि आकसलेलीचे 12,000 आले. काहीच वजा केलं नाही तर उत्तर 40 टक्के. पार्श्वभूमीचे 5,000 धरले तर 8,000 भागिले 15,000, म्हणजे 53. चौकोन जरा खाली सरकून प्लीहेवर गेला, तिथल्या रक्तामुळे 7,000 धरले गेले, तर थेट 62. रुग्ण तोच, ठोकेही तेच. सॉफ्टवेअर आता चौकोन आपोआप आखतं, पण तो कुठे पडलाय हे डोळ्यांनी न पाहता रिपोर्टवर सही करणं मला कधीच पटलेलं नाही.

आकड्याला एवढं वजन आलं ते केमोमुळे. डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधानं हृदय निकामी होऊ शकतं हे कळल्यावर 1979 च्या सुमारास दर काही डोसांनी मुगा करायची पद्धत सुरू झाली. 1980 च्या दशकात नियम ठरला: आकडा 10 नं घसरून 50 किंवा त्याखाली गेला की औषध थांबवायचं. तोच माणूस पुन्हा मशीनखाली घेतला तरी आकडा चार-पाचनं हलतो, हे लक्षात घेतलं तर 10 ची ही रेषा तशी काठावरचीच. 1998 मध्ये ट्रॅस्टुझुमॅब हे स्तनाच्या कर्करोगावरचं औषध आलं आणि दर तीन महिन्यांनी तपासणीचा शिरस्ता पडला. पुढे टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) स्वस्त झाला, त्यात किरणं नाहीत, मशीन खाटेपाशी नेता येतं. 2009-10 मध्ये कॅनडा आणि नेदरलँड्समधल्या जुन्या अणुभट्ट्या बंद पडून जगभर टेक्नेशियमचा दुष्काळ पडला, तेव्हा मुगाची गिऱ्हाइकं आणखी घटली. तरी एको करणारा हात बदलला की आकडा बदलतो, ही तक्रार मुगाबद्दल तेवढी ऐकू येत नाही.

मधल्या काळात तिसरा आकडा येऊन बसला. हृदयाच्या स्नायूला रक्त नीट पोचतं का हे पाहणाऱ्या ज्या तपासणीला आपल्याकडे सरसकट 'स्ट्रेस थॅलियम' म्हणतात, तिच्यात बहुतेक वेळा थॅलियम नसतंच, टेक्नेशियमचंच औषध असतं. 1995 च्या सुमारास त्या चित्रांवरून आपोआप ईएफ काढणारी सॉफ्टवेअर आली आणि रिपोर्टच्या तळाशी तोही छापला जाऊ लागला. हा आकडा रक्ताचे काउंट मोजून येत नाही, स्नायूच्या भिंतीची कड आखून येतो. लहान हृदयात, म्हणजे आपल्याकडच्या किरकोळ अंगाच्या बायकांत हमखास, आकसलेल्या भिंती चित्रात एकमेकींत मिसळतात, पोकळी आहे त्याहून लहान दिसते आणि ईएफ फुगतो. अशा एखादीचा केमोआधीचा आकडा स्ट्रेस थॅलियमवरून 76 घेतला आणि तीन महिन्यांनी मुगावर 62 आला, तर औषधानं काहीही केलेलं नसताना कागदावर 14 ची घट दिसते.