कडक पेशी आणि तट्ट पेशी : सिकल सेल व आनुवंशिक स्फेरोसायटोसिस

सिकल सेलविषयी इंदूरच्या वाचकाला फारसे सांगावे लागत नाही. झाबुआ-अलीराजपूरकडची तपासणी शिबिरे आणि १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेली राष्ट्रीय मोहीम यांमुळे विळ्याच्या आकाराची तांबडी पेशी सर्वांच्या परिचयाची झाली आहे. मात्र तांबड्या पेशी गोल होणाऱ्या स्फेरोसायटोसिस या आनुवंशिक आजाराचा विषय निघाला की ‘तिथेही पेशी कडक होऊन अडकतात, म्हणजे एकूण तेच’ असे बेधडक सांगितले जाते. ते तेच नाही, आणि हा गोंधळ ‘कडक’ या एका शब्दाने घातलेला आहे.

निरोगी तांबड्या पेशीचे घनफळ सुमारे ९० घन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. तेवढ्या ऐवजाचा गोळा केला तर त्याला सुमारे ९७ चौरस मायक्रॉन आवरण पुरते. पेशीजवळ मात्र १३५च्या आसपास असते. या जास्तीच्या आवरणामुळेच आठेक मायक्रॉन व्यासाची पेशी प्लीहेतल्या (पोटातल्या, रक्त गाळणाऱ्या अवयवातल्या) मायक्रॉनभर रुंदीच्या फटींतूनही सरकून जाते.

घरातली दुधाची पिशवी घ्या. अर्धी रिकामी असेल तर ती दाबून, दुमडून खिडकीच्या गजांमधून पलीकडे सरकवता येते. तीच फ्रीजरमध्ये गोठली, तर पिशवीत जागा असूनही ती वाकत नाही. ही सिकल पेशी : ऑक्सिजन कमी झाला की सदोष हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार होतात आणि पेशी आतून थिजते. आता दूध पातळच ठेवा, पण पिशवी आखडून आवळा, इतकी की एक सुरकुतीही उरणार नाही. ही स्फेरोसायटोसिसची पेशी. स्पेक्ट्रिन, अँकिरिन यांसारख्या आवरणाला आधार देणाऱ्या प्रथिनांतील दोषामुळे तिचे आवरण कणाकणाने गळत जाते. आतला ऐवज वाहताच असतो, पण दुमडायला आवरण शिल्लक नसते. म्हणून तिला मी कधीच कडक म्हणत नाही, तट्ट म्हणतो.

हा भेद शब्दांपुरता नाही. लेझरच्या प्रकाशात पेशी ताणून पाहणाऱ्या एक्टासायटोमीटरमध्ये ऑक्सिजन कमी करत नेला की सिकल पेशींचे ताणले जाणे झपाट्याने घटते. तट्ट पेशीला ऑक्सिजनचे सोयरसुतक नसते. पेशी मिठाच्या पाण्यात ठेवून ते पातळ करत गेल्यास पाणी आत शिरते आणि तट्ट पेशी निरोगी पेशीच्या आधीच फुटते, कारण तिच्यात फुगायला वावच नसतो. सिकल पेशी उलट जास्त तग धरते. दोन कसोट्यांत दोघी अशा विरुद्ध दिशांना जात असताना ‘एकूण तेच’ म्हणणे मला मुळीच मान्य नाही.

सिकल सेल बहुधा दोन्ही पालकांकडून येतो, स्फेरोसायटोसिस बहुतेकदा एकाकडूनच. हे कोणत्याही पुस्तकात सापडते. प्लीहेचे मात्र नीट लक्षात ठेवावे. स्फेरोसायटोसिसमध्ये पेशींना अडवून नष्ट करणारी ती प्लीहाच, त्यामुळे ती काढल्यावर पेशी गोलच राहतात, तरी पुष्कळ जास्त दिवस टिकतात आणि हिमोग्लोबिन वाढते. सिकल सेलच्या रुग्णात वारंवार रक्तपुरवठा तुटून बहुधा बालपणीच प्लीहा स्वतः सुकून गेलेली असते.