गेमची ऑनलाइन दुकानं: तक्रारी कुठून सुरू झाल्या

नोव्हेंबर 2004 मध्ये 'हाफ-लाइफ 2' आला तेव्हा पुष्कळांनी तो दुकानातून, खोक्यासकट आणला. घरी डिस्क घातली तर गेम सुरूच होईना. आधी इंटरनेट जोडायचं, 'स्टीम' नावाचा प्रोग्राम टाकायचा, खातं उघडायचं, गेम त्या खात्यावर नोंदवायचा, मग खेळायला बसायचं. एकदा नोंदवलेली प्रत पुढे कुणाला विकण्याची सोयही उरली नाही. डिस्क हातात होती, पण चावी कंपनीकडे.

'हाफ-लाइफ 2' बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचं हे स्टीम सप्टेंबर 2003 मध्ये सुरू झालं, ते मुख्यतः स्वतःच्या गेमचे अपडेट पोचवायला. 2005 पासून तिथे इतरांचे गेमही विकले जाऊ लागले. विक्रीतला 30 टक्के वाटा दुकानाचा, असा रिवाज पडला. आज या आकड्यावर सगळे चिडतात, पण तेव्हा छोट्या गेमकर्त्यांना तो परवडणाराच वाटला होता. खोकी छापा, प्रकाशक गाठा, दुकानदाराचा नफा सोडा, या सगळ्यातून हातात फारच थोडं यायचं. अॅपलने 2008 मध्ये अॅप स्टोअर उघडताना हाच 30 टक्क्यांचा दर ठेवला.

ग्राहकांचं पहिलं मोठं भांडण पैसे परत मिळण्यावरून झालं. गेम चालत नसला तरी परतावा नाही, हे स्टीमचं धोरण होतं. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने 2014 मध्ये व्हॉल्व्हला कोर्टात खेचलं. आम्ही ऑस्ट्रेलियात धंदाच करत नाही, असा कंपनीचा एक बचाव होता. तिथल्या सुमारे 22 लाख खात्यांचं मग काय करायचं? तो बचाव टिकला नाही आणि डिसेंबर 2016 मध्ये 30 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. खटला चालू असतानाच, जून 2015 मध्ये, स्टीमने सर्वांसाठी नियम आणला: 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत. ग्राहकाला दिलासा मिळाला, पण ज्यांचा अख्खा गेमच दोन तासांत संपतो त्यांना धडकी भरली.

फ्रान्समध्ये वाद पुनर्विक्रीचा होता: स्टीमवर घेतलेला गेम पुढे दुसऱ्याला विकता यावा की नाही? पॅरिसच्या न्यायालयाने 2019 मध्ये ग्राहक संघटनेच्या बाजूने निकाल दिला, 2022 मध्ये अपिलात तो फिरला.

गेमकर्त्यांचा राग उफाळला तो 2018 च्या अखेरीस. स्टीमने वाटा कमी केला खरा, पण कुणासाठी? एका गेमची विक्री 1 कोटी डॉलरच्या वर गेली तर पुढच्या कमाईवर 25 टक्के, 5 कोटींच्या वर गेली तर 20. म्हणजे ज्याला गरज नाही त्याला सूट, आणि एकट्याने गेम बनवणारा 30 टक्क्यांवरच. काही दिवसांतच एपिक या दुसऱ्या गेम कंपनीने 12 टक्के वाट्याचं दुकान उघडलं. मात्र काही गेम ठरावीक काळ फक्त आपल्याकडेच मिळतील असे करारही केले, त्यामुळे आता ग्राहक चिडले.

वाटा कमी झाला तर किंमत का उतरत नाही? वुल्फायर या छोट्या स्टुडिओने 2021 मध्ये अमेरिकेत दाखल केलेल्या दाव्याचा रोख इथेच आहे. इतर दुकानांत स्टीमपेक्षा स्वस्त विकू नका, असा दबाव व्हॉल्व्ह आणते, असा आरोप आहे. कंपनीला तो अमान्य आहे. मला या सगळ्या प्रकरणांत हेच जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण गेम बनवणारा आणि घेणारा यांचं नुकसान इथे एकच ठरतं.

31 मार्च 2024 ला युबिसॉफ्ट कंपनीने 'द क्रू' या गेमचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला गेम एकट्याने खेळण्यापुरताही उरला नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला: मालकी न देता फक्त वापराचा परवाना देत असाल तर 'विकत घ्या' म्हणण्याआधी तसं स्पष्ट सांगा. स्टीमच्या खरेदीच्या पानावर ऑक्टोबरपासून तशी ओळ दिसू लागली. परवाना काढून घ्यायला मात्र त्या कायद्याची आडकाठी नाही.