लोखंडावरचं पोटॅशियम : वादाची पार्श्वभूमी

नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया तयार करताना उत्प्रेरक कोणता, तर लोखंड, हे उत्तर अर्धंच आहे. 1909 नंतर जर्मनीत हजारो मिश्रणं तपासली गेली. शुद्ध लोखंड निराशा करत होतं, स्वीडनचं मॅग्नेटाइट खनिज मात्र अनपेक्षितपणे उत्तम चाललं. फरक अशुद्धींचा होता. त्यातून अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड) आणि पोटॅश (पोटॅशियमचं संयुग) कायमचे सोबती ठरले, तर गंधक हे विष म्हणून वगळलं गेलं.

अ‍ॅल्युमिनाचं काम सोपं आहे. तापमानाने लोखंडाचे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, ते तो होऊ देत नाही. खरा वाद पोटॅशियमचा: ते नेमकं करतं काय?

1970च्या दशकात अतिनिर्वातात, स्वच्छ केलेल्या एकेका लोहस्फटिकावर मोजमापं सुरू झाली. पोटॅशियम आपला इलेक्ट्रॉन धातूकडे ढकलतं, त्यामुळे शेजारी येऊन बसलेल्या नायट्रोजनला पृष्ठभाग जास्त घट्ट धरतो आणि त्याचा त्रिबंध सैल पडतो. एका स्फटिकपृष्ठावर विघटनाचा वेग सुमारे 300 पट वाढलेला दिसला. हे चित्र देखणं होतं, पाठ्यपुस्तकांनी ते लगेच उचललं.

जरा घाईच झाली. हे प्रयोग जवळपास शून्य दाबाखालचे, आणि कारखान्याच्या भट्टीत दाब शंभर वातावरणांच्या, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या शंभर पटींच्या, वर. शिवाय नुसतं पोटॅशियम भट्टीच्या तापमानाला पृष्ठभागावर टिकतच नाही, ऑक्सिजनसोबत बसलं तरच टिकतं. 1980च्या दशकात 20 वातावरणं दाबाखाली स्फटिक तपासले, तेव्हा वेगळीच गोष्ट पुढे आली. वायूत अमोनिया जसजसा साठतो, तसतसा पोटॅशियमचा फायदा वाढतो. म्हणजे तयार झालेला अमोनिया जागा अडवून बसतो आणि पोटॅशियम त्याची पकड ढिली करून जागा मोकळी करतं. दोन्ही परिणाम खरे असतील, पण कारखान्याच्या दृष्टीने हा दुसरा जास्त पटतो. त्याला पाठ्यपुस्तकात दोन ओळी मिळतात, इतकंच.

पुढे गणनांनी इलेक्ट्रॉन देण्याचं वर्णन बदललं. आता भर आहे तो अल्कली (पोटॅशियमसारख्या धातूंच्या) अणूंच्या विद्युतक्षेत्रामुळे नायट्रोजनचा बंध तुटण्याच्या क्षणीची अवस्था स्थिर होण्यावर. दरम्यान 1992 मध्ये कॅनडात लोखंडाऐवजी रुथेनियम या धातूवर चालणारा कारखाना सुरू झाला. रुथेनियमलाही अल्कलीची जोड लागतेच. फक्त रुथेनियमवर जागा अडवतो तो हायड्रोजन, म्हणून वायूंचं प्रमाणही बदलावं लागतं.