बिबट्याचा सुळा, कोन शंखाचा भाला

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला बिबट्या आणि मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरचा, बोटाच्या दोन पेरांएवढाही नसलेला कोन शंख. दोघेही मांसाहारी, बहुतेक वेळा रात्री शिकार करणारे. दोघांपुढचा पेचही एकच: सावज निसटायच्या आत ते निकामी कसं करायचं?

50 ते 70 किलोच्या नर बिबट्याला लांबवर पाठलाग झेपत नाही. तो दबकत काही मीटरांवर येतो, झेप घेतो आणि गळा दाबून श्वास कोंडतो. सारी भिस्त सुळ्यांवर. मोठेपणी सुळा तुटला की पुन्हा उगवत नाही.

कोन शंखाने हा पेच जास्त हुशारीने सोडवलाय, असं मला ठामपणे वाटतं. त्याला धावता येत नाही, म्हणून वेग त्याने हत्यारात आणला. एका नळीने पाणी आत ओढून तो भक्ष्याचा वास घेतो. मग लवचिक सोंड पुढे सरकते. तिच्या टोकाशी असतो एकच दात: कायटिनचा (कीटकांच्या कवचात असतो तो कठीण पदार्थ), आतून पोकळ, काटेरी भाल्यासारखा. तो रुतताच विष आत शिरतं. मासे मारणाऱ्या एका जातीत हा दात सुटायला एक मिलिसेकंदही लागत नाही. वापरलेला दात टाकून द्यायचा. आतल्या पिशवीत पुढचे दात तयार होतच असतात. मुंबईकडचे छोटे कोन शंख मुख्यतः समुद्री कृमींवर जगतात.

विष म्हणजे एकच रसायन नव्हे. एकेका जातीत शंभराहून अधिक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, असतात. कुणी चेतापेशींचे सोडियमचे मार्ग बिघडवतं, कुणी कॅल्शियमचे, त्यामुळे स्नायूंकडे जाणारे संदेश एकाच वेळी अनेक ठिकाणी तुटतात. यातल्याच कॅल्शियम-मार्ग रोखणाऱ्या एका पेप्टाइडवरून झिकोनोटाइड हे तीव्र वेदनांवरचं औषध तयार झालं. अमेरिकेत त्याला 2004 साली मान्यता मिळाली. ते मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावं लागतं, कारण रक्तातून ते तिथवर पुरेसं पोचत नाही.

हे प्राणी बघायचे तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे दिवस निवडा. तेव्हा मुंबईत ओहोटी साधारण पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास असते आणि खडक दूरवर उघडे पडतात. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत पाणी तेवढं उतरत नाही. ओहोटीच्या तासभर आधी उतरा आणि पाणी वळताच मागे फिरा. भरती आधी खडकांमधल्या सखल जागा भरते, परतीची वाट तिथेच अडते.

शंकूच्या आकाराचा शंख रिकामा दिसला तरी उचलू नका, खिशात तर मुळीच टाकू नका. मागच्या टोकाला धरलं की सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. सोंड वळून तिथवर पोचू शकते. कृमी खाणाऱ्या जातींचा दंश बहुधा मधमाशीच्या डंखाइतकाच दुखतो, पण किनाऱ्यावर उभं राहून जात ओळखण्याच्या भानगडीत पडू नये. मासे मारणाऱ्या कोन शंखांच्या दंशाने माणसं दगावली आहेत. दंश झालाच तर तो भाग हलू देऊ नका, जखम कापू किंवा चोखू नका, थेट रुग्णालय गाठा. या विषावर उतारा नाही. श्वसनाचे स्नायू लुळे पडले तर विष ओसरेपर्यंत कृत्रिम श्वासावर ठेवणं, हाच उपचार.