शहरीकरण आणि बडोद्यातील मराठी कुलाचार

बडोदे ही गायकवाडांची राजधानी. दरबाराच्या आश्रयाने आलेली मराठी कुटुंबे दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत वाडे बांधून राहिली. कारखाने आणि फ्लॅट आले म्हणून एकत्र कुटुंब मोडले, असे म्हटले जाते. पण या मराठी घरांत पहिला बदल कारखान्याने नव्हे, दरबारी हुकमाने आणला. सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १९०४ मध्ये बालविवाहांना आळा घालणारा कायदा केला आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्यामुळे एकत्र कुटुंब मोडल्याचे सगळे खापर फ्लॅटवर फोडता येत नाही.

१९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९६५ च्या सुमारास कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, मागोमाग खते आणि रसायनांचे उद्योग आले. दरबारी नोकरीची जागा शिफ्टने घेतली. शहर विश्वामित्री ओलांडून अकोटा, गोत्रीकडे पसरले आणि भाऊ वेगवेगळ्या सोसायट्यांत राहायला गेले. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा भित्तिचित्रांमुळे जतन झाला. बाकीच्या वाड्यांना ते भाग्य लाभले नाही.

कोणती चाल टिकली आणि कोणती आटली, हे पुष्कळदा पंचांगावर ठरले. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला अक्षय्य तृतीयेपर्यंत महिना मिळतो, म्हणून ते सरळ रविवारी गेले. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी सारे तसेच. फक्त अंगणभर काढायचे चैत्रांगण लिफ्टसमोरच्या दोन फरश्यांत बसवावे लागते आणि शेजारच्या गुजराती बायकाही हक्काने येतात. संक्रांतीच्या वाणाचेही तेच, त्याला रथसप्तमीपर्यंत सवड असते.

ज्येष्ठागौरींना ही सोय नाही. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. वार कोणताही येवो. प्रत्येक घरी तीन दिवस रजा कुठून काढणार? मग मुखवटे थोरल्या घरी राहतात आणि धाकट्या जावा पुरणाच्या दिवशी तिथे जमतात. एरवी वर्षभर न भेटणारी चुलतभावंडे त्या पंक्तीला शेजारी बसतात. एकत्र कुटुंब असे वर्षातून एक दिवस भरते.

नवरात्रात घरी घट बसतात, अखंड दिवा लागतो. रात्री मुले खाली सोसायटीच्या गरब्याला. दिव्यात तेल घालायला कुणीतरी वर थांबावे लागते. बहुधा आजीच थांबते, खिडकी उघडी ठेवून.