यिर्मया २३:२८ (भुसा आणि गहू)

हिब्रू बायबलातील यिर्मया (हिब्रू उच्चार यिर्मयाहू) या ग्रंथाच्या २३ व्या अध्यायातील वचन. देवाचा निरोप माणसांपर्यंत पोहोचवणाऱ्याने तो कसा पोहोचवावा, याविषयीचे हे सर्वांत थेट वचनांपैकी एक. आशय असा : ज्या संदेष्ट्यापाशी स्वप्न आहे त्याने स्वप्न सांगावे, ज्याच्यापाशी माझे वचन आहे त्याने माझे वचन खरेपणाने बोलावे, भुशाचा गव्हाशी काय संबंध? – परमेश्वर म्हणतो.

यिर्मया हा यरुशलेमजवळच्या अनाथोथ गावच्या याजक घराण्यातला. यहूदाच्या योशीया राजाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ६२७ च्या सुमारास, त्याला पाचारण झाले आणि बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेम पाडले (इ. स. पू. ५८७ किंवा ५८६) त्यानंतरही तो बोलत राहिला. नगरावर संकट येणार, असे तो सांगत होता. त्याच नगरात, त्याच देवाच्या नावाने, ‘काही होणार नाही, सारे क्षेम आहे’ असे सांगणारे संदेष्टेही होते. २३ व्या अध्यायाचा नवव्या ओवीपासूनचा सारा भाग त्यांना उद्देशून आहे आणि त्याच्या आरंभी ‘संदेष्ट्यांविषयी’ असा एकाच हिब्रू शब्दाचा मथळा आहे.

वचनातला कळीचा शब्द ‘एमेत’. त्याचा सरधोपट अर्थ सत्य. पण तो ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून ‘आमेन’ हा शब्दही आला आहे आणि टिकाऊपणा, भरवसा हा त्या धातूचा गाभा आहे. म्हणून इथे ‘खरे बोलावे’ एवढ्यावर भागत नाही. सोपवलेली वस्तू जशीच्या तशी पोचती करणाऱ्या माणसाचा खरेपणा इथे अभिप्रेत आहे. स्वरचिन्हे नसलेल्या मूळ अक्षरांचे ‘सत्याचे शब्द’ असेही वाचन होऊ शकते. परंपरागत स्वरांकनाने मात्र ‘माझे वचन’ हेच वाचन पक्के केले आहे आणि वाक्याचा तोलही त्याच बाजूने जातो.

शेवटचा प्रश्न, ‘मा-लत्तेवेन एत-हब्बार’, खळ्यावरचा आहे. ‘तेवेन’ म्हणजे मळणीत तुटून बारीक झालेली काडी, भुसा. वाऱ्यावर उडून जाणाऱ्या फोलपटांना हिब्रूत ‘मोत्स’ हा वेगळा शब्द आहे (स्तोत्रसंहिता, स्तोत्र १), तो इथे वापरलेला नाही. ‘बार’ म्हणजे भुसा निघून गेलेले स्वच्छ धान्य. हा फरक अनेक भाषांतरांत बुजतो. तेवेन टाकाऊ नसते : ते जनावरांना घालत, विटांच्या चिखलात मिसळत, मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) इस्राएल लोकांना विटांसाठी जो भुसा मिळेनासा झाला तो हाच. खळ्यावर वावडीवर उभे राहून उफणणारा शेतकरीही भुसा फेकून देत नाही, गोठ्यासाठी वेगळा रचतो. फक्त तो गव्हाच्या पोत्यात भरत नाही.

वचनाचा अर्थ लावताना नेमके हेच विसरले जाते. स्वप्न सांगायला येथे मनाई नाही. स्वप्न देवाच्या वचनाच्या नावावर खपवायला मनाई आहे. स्वप्ने हे संदेशाचे मान्य साधन होते (गणना १२:६) आणि ३१ व्या अध्यायात खुद्द यिर्मयाही गोड झोपेतून जागा झाल्याचे सांगतो. आजूबाजूच्या जगातही तसेच होते. युफ्रेटीसकाठच्या मारी नगरात सापडलेल्या इ. स. पू. अठराव्या शतकातील पत्रांत अधिकारी झिम्री-लिम राजाला कोणाकोणाची स्वप्ने कळवतात आणि कधी सांगणाऱ्याच्या केसांची बट व वस्त्राची किनार पडताळणीसाठी सोबत धाडतात. यिर्मयाच्या यरुशलेमात ‘मला स्वप्न पडले, मला स्वप्न पडले’ हीच पडताळणी झाली होती, असे २५ व्या ओवीवरून दिसते.

पुढच्या ओव्यांतली तक्रार जवळजवळ व्यावसायिक आहे. हे संदेष्टे एकमेकांकडून वचने चोरतात. जीभ चालवून ‘नेउम’ (देवाची वाणी, असा शिक्का) उच्चारतात. हा शब्द बायबलभर नाम म्हणून येतो. क्रियापद म्हणून एकदाच, इथे, आणि तेही उपहासाने. ‘परमेश्वर असे म्हणतो’ हे सूत्रही मुळात जासुदाचे : याकोबाची माणसे त्याचा भाऊ एसाव याला आणि अश्शूरी राजाचा अधिकारी यरुशलेमच्या तटाखाली याच साच्यात निरोप सांगतात. साचा सगळ्यांना ठाऊक होता, म्हणूनच तो कोणालाही वापरता येई.

मग खरा निरोप्या ओळखावा कसा? सिद्कीया राजाच्या काळात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात जाहीर केले की दोन वर्षांत बाबिलोनचे जू मोडेल. यिर्मयाचे पहिले उत्तर ‘आमेन, परमेश्वर तसेच करो’ असे आहे. बाबिलोनच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घातलेले लाकडी जू हनन्याने काढून मोडले, तेव्हा यिर्मया काही न बोलता निघून गेला. प्रत्युत्तराचे वचन त्याला मागाहून मिळाले. पुढे, यरुशलेम पडल्यावर, उरलेल्या लोकांनी मिसरला जावे का असे विचारले, तेव्हा ‘काहीही राखून ठेवणार नाही’ असे कबूल करून त्याने दहा दिवस वाट पाहिली (४२:७). माझ्या मते या वचनाचे उत्तम भाष्य ग्रंथातल्या या दोन गप्प जागांत आहे.

यहुदी परंपरेने या विषयाचे कायद्यातही रूपांतर केले. मिश्ना या यहुदी कायद्याच्या संग्रहाच्या सान्हेद्रिन भागात (११:५) न ऐकलेला संदेश सांगणाऱ्याला न्यायसभेकडून देहदंड आहे, तर मिळालेला संदेश दडपणाऱ्याची शिक्षा स्वर्गाच्या हाती सोपवली आहे. दडपणाऱ्याचे उदाहरण म्हणून तालमूद (मिश्नावरील विवेचनाचा ग्रंथ) देवाचा निरोप टाळून पळालेल्या योना संदेष्ट्याचे नाव घेते. तेथेच आणखी एक कसोटी आहे : एकच संदेश अनेक संदेष्ट्यांना मिळतो, पण दोन संदेष्टे तो एकाच शैलीत सांगत नाहीत. म्हणजे विश्वासूपणा याचा अर्थ पोपटपंची नव्हे. हुबेहूब जुळणारे शब्दच उलट संशय निर्माण करतात. तालमूदाचाच बराखोत हा भाग (५५अ) मात्र वचनाला वेगळेच वळण देते. भुसा-गव्हाचा स्वप्नाशी काय संबंध, असे विचारून रब्बी शिमोन बार योहाय यांच्या नावे उत्तर येते : भुशावाचून धान्य नाही, तसे निरर्थक गोष्टींवाचून स्वप्न नाही. यिर्मयाने वेगळे केलेले दोन ढीग इथे पुन्हा एकाच कणसात आले.

हिब्रू ‘नावी’ (अरबीतला नबी) या शब्दासाठी मराठी बायबलांत ‘भविष्यवादी’ आणि ‘संदेष्टा’ असे दोन्ही शब्द आढळतात. या वचनापुरता दुसराच योग्य. पहिल्याने वाचक उगाच ज्योतिषाकडे वळतो.

३६ व्या अध्यायात यिर्मयाची वचने बारूख लेखणिकाने गुंडाळीवर उतरवली. यहोयाकीम राजाने थंडीच्या दिवसांत शेगडीपुढे बसून तीन-चार रकाने वाचून होताच ते चाकूने कापावेत आणि आगीत टाकावेत, असे करत ती सबंध जाळली. यिर्मयाने सारे पुन्हा सांगून लिहवून घेतले. आणि, ग्रंथ म्हणतो, ‘तशाच आणखी पुष्कळ वचनांची त्यांत भर पडली’.