गायकाने पाहिलेला गळा

जिवंत माणसाचे स्वरतंतू गाताना कसे हालतात, हे डोळ्यांनी पाहून त्याचे सविस्तर वर्णन करणारा माणूस डॉक्टर नव्हता. तो ऑपेराच्या, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकाच्या, रंगमंचावर आपला आवाज गमावून बसलेला गायक होता. मराठवाड्यात कीर्तनकार, भारूडकार, शाहीर आणि शिक्षक यांचा चरितार्थ गळ्यावरच चालतो, म्हणून मॅन्युएल गार्सिया यांचे आयुष्य आपल्याकडच्या वाचकांनी मुद्दाम जाणून घ्यावे असे आहे.

गार्सिया १८०५ मध्ये एका स्पॅनिश गायककुटुंबात जन्मले. वडील नामवंत गायक होते आणि मारिया मालिब्राँ व पॉलीन व्हियार्दो या धाकट्या बहिणी पुढे युरोपभर गाजल्या. १८२५ मध्ये वडिलांनी घरच्या मंडळींसह न्यूयॉर्कला जाऊन इटालियन ऑपेराचे प्रयोग लावले, तेव्हा विशीतल्या मॅन्युएलवर मोठ्या भूमिकांचा भार पडला. आवाजाला बसलेला ताण भरून आला नाही आणि पंचविशीच्या सुमारास त्यांनी रंगमंच सोडला. त्यानंतर ते काही काळ फ्रेंच सैन्याबरोबर अल्जीरियात होते. तेथून परतल्यावर लष्करी रुग्णालयांत काम करत त्यांनी स्वरयंत्राच्या रचनेचा अभ्यास केला आणि गायनशिक्षक म्हणून नाव मिळवले. मृतदेहातील स्वरयंत्र मात्र गात नाही, आणि ही अडचण त्यांना अनेक वर्षे छळत राहिली.

१८५४ मध्ये त्यांनी लांब दांड्याचा, दात तपासायचा छोटा आरसा विकत घेतला. तो कोमट पाण्यात गरम करून पुसला, म्हणजे श्वासाच्या वाफेने धुरकट होऊ नये. मग पडजिभेशी टेकवला आणि हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला. स्वतःचा गळा त्यांना उघडझाप करताना दिसला. लंडनमध्ये बॅबिंग्टन या डॉक्टरांनी १८२९ मध्येच असे एक उपकरण दाखवले होते, तरीही गाणाऱ्या गळ्याचे बारकाईने केलेले निरीक्षण गार्सिया यांचेच. १८५५ मध्ये हे निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे वाचले गेले आणि पुढे ट्युर्क व चेर्माक या डॉक्टरांनी ही पद्धत रुग्णांच्या तपासणीत आणली.

आरशात दिसणारे स्वरतंतू म्हणजे स्नायू आणि नाजूक आवरण यांचे दोन पडदे. फुप्फुसातून येणारी हवा त्यांना कंप देते. बोलताना पुरुषांमध्ये ते सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा, स्त्रियांमध्ये सुमारे २०० वेळा मिटतात. ऑपेरातील उंच स्त्रीस्वरांत हा आकडा हजाराच्या पुढे जातो. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने मंद्र सप्तकाचे स्थान हृदयात, मध्याचे कंठात आणि ताराचे मस्तकात सांगितले आहे. हे वर्णन गायकाच्या अनुभवाशी जुळते, कारण खालच्या स्वरांचा कंप छातीत आणि वरच्या स्वरांचा डोक्यात खरोखरच जाणवतो. तिन्ही सप्तकांत स्वर निर्माण होतो तो मात्र याच दोन पडद्यांपाशी; त्यांची लांबी, ताण आणि जाडी तेवढी बदलते.

मिटताना पडद्यांच्या कडा एकमेकींवर आदळतात. जोर लावून सतत गायल्यास त्या सुजतात आणि समोरासमोर बारीक गाठी धरतात. मग पडदे पुरते मिटत नाहीत, हवा निसटते, आवाज घोगरा होतो. तो सुधारण्यासाठी गायक आणखी जोर लावतो आणि सूज वाढते. १८४१ मध्ये जेनी लिंड ही तरुण स्वीडिश गायिका थकलेला आवाज घेऊन गार्सिया यांच्याकडे पॅरिसला आली, तेव्हा त्यांनी शिकवणी सुरू करण्याआधी तिला सहा आठवडे गाणे बंद ठेवायला आणि शक्य तितके कमी बोलायला लावले. ती पुढे जगप्रसिद्ध झाली. अशा गाठींवर आजही प्रथम विश्रांती, भरपूर पाणी आणि आवाजाचे प्रशिक्षण हाच उपचार असतो. शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

ऑपेराचा गायक ध्वनिवर्धकाविना पूर्ण वाद्यवृंदावर ऐकू येतो, तो केवळ जोरामुळे नव्हे. वाद्यवृंदाची शक्ती मुख्यतः ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) आसपास एकवटलेली असते. तालमीतला गायक, विशेषतः पुरुष, स्वरयंत्र किंचित खाली आणि घसा मोकळा ठेवून ३००० हर्ट्झच्या जवळचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर, बळकट करतो, हे स्वीडनचे आवाजाचे अभ्यासक योहान सुंदबर्ग यांनी दाखवून दिले. तेथे वाद्यांचा आवाज क्षीण असतो आणि आपला कान अतिशय तीक्ष्ण असतो.

सप्ताहातल्या कीर्तनकाराची स्थिती वेगळी आहे. त्याच्यापुढे माइक असतो, पण मागे टाळ-मृदंगाचा गजर आणि कर्णे सगळे श्रोत्यांकडे वळवलेले. स्वतःचा आवाज कानावर पडला नाही की माणूस नकळत तो चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये नोंदवलेला हा परिणाम इच्छेने सहज आवरता येत नाही. एक लहान स्पीकर कीर्तनकाराकडे वळवून ठेवला, तर वरच्या पट्टीतल्या चालींचा त्याच्या गळ्यावरचा भार पुष्कळ हलका होईल, असे मला ठामपणे वाटते. मंडप उभारणाऱ्यांना हे अवघड नाही.

तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिला, तर मात्र काढा आणि खडीसाखरेवर थांबू नये. तंबाखू खाणाऱ्या वा बिडी ओढणाऱ्या माणसात हेच लक्षण स्वरयंत्राच्या कर्करोगाचे पहिले चिन्ह असू शकते, आणि तो लवकर सापडल्यास बरा होण्याची शक्यता चांगली असते. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून गळा आतून पाहून घेता येतो.